सिव्हिल सोसायटीचा चेअरमन कोण?

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही हो! आमच्या संस्थेच्या जीपमध्ये मागच्या सीटखाली एकदा हात घालून बघा. कुणाची ओढणी, एकच चप्पल, बिस्किटांचा अर्धा पुडा, गेल्या वर्षीच्या शिबिराचा बॅनर. कुणी मुद्दाम ठेवलेलं नसतं, पण गाडी धुवायला काढली की ढीग निघतो. आमचे किस्से तसेच साठलेत.

मी कोल्हापुरातल्या एका छोट्या संस्थेत प्रोग्राम मॅनेजर आहे. प्रोजेक्ट परदेशातून येतात, काम शाहूवाडीपासून आजऱ्यापर्यंतच्या गावांत चालतं आणि मधला सगळा गोंधळ माझ्या टेबलावर असतो. टीम लहानच आहे. आमचे संचालक इनामदार सर, फील्ड सांभाळणारी शुभांगी आणि गाडीवरचे तानाजीमामा. इतकी वर्षं झाली, पण "तुम्ही नक्की करता काय?" ह्या प्रश्नाला मला अजून एका वाक्यात उत्तर देता येत नाही.

* * *

माझ्या सासऱ्यांना तर मुळीच येत नाही. चुलतदिराच्या लग्नात त्यांनी एका लांबच्या पाहुण्यांशी माझी ओळख करून दिली, "ही आमची सून. हेल्थमध्ये हाय!"

झालं! ते काका जेवणाचं ताट तसंच ठेवून पार्किंगमध्ये गेले आणि गाडीतून भला मोठा एक्स-रे घेऊन आले.

"बघा जरा. गुडघा हाय. डॉक्टर म्हंतोय वाटी बदला."

आजूबाजूचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. न बघणं वाईट दिसेल म्हणून मी तो ट्यूबलाइटसमोर धरला. मागून कुणीतरी म्हणालं, "उलटा धरलाय बहुतेक."

"काका, मी डॉक्टर नाही."

"मग नर्स?"

"नाही."

"मेडिकलचं दुकान?"

"नाही हो. मी कम्युनिटी हेल्थ बघते."

काकांचा चेहरा एकदम उजळला. "मग झालं की! आपण काय परक्या कम्युनिटीतलं हाय व्हय?"

* * *

एका प्रोजेक्टचं नावच होतं 'सिव्हिल सोसायटी बळकट करणे'. गावातल्या लोकांनी एकत्र यावं, आरोग्याचे प्रश्न विचारावेत, दवाखाना उघडतो की नाही ते बघावं, असा सगळा हेतू. शाहूवाडीतल्या एका गावात पहिली बैठक होती. देवळात माणसं जमली. इनामदार सरांनी सुरुवात केली, "आम्ही इथली सिव्हिल सोसायटी बळकट करायला आलोय."

एकजण म्हणाला, "आमची सोसायटी काय कच्ची हाय व्हय?"

दुसरा उठून पळतच बाहेर गेला. थोड्या वेळानं विकास सोसायटीचे चेअरमन शर्ट खोचत आले. मागं किल्ल्यांचा जुडगा घेऊन सेक्रेटरी.

"साहेब, खताचं गोदाम उघडून ठेवलंय. चला, बघून घ्या. पोतं न् पोतं जाग्यावर हाय."

"अहो, ती सोसायटी नव्हे," सर म्हणाले. "आपण सगळे नागरिक, सगळे एकत्र येऊन..."

"सगळं एकत्रच हाय की! विरोधी पॅनेलचं दोघं सोडलं तर."

ते दोघं मागच्याच खांबाला टेकून बसलेले! ताडकन उठले. "आता कसं बोललासा! साहेब, आधी आमचं ऐकून घ्या!"

त्यानंतर देवळात जे झालं त्यात आरोग्य हा शब्द सरांनी तीनचारदा उच्चारला, पण तो कुणाला ऐकू गेला नसावा. आम्ही चपला शोधून निघालो. येताना गाडीत तानाजीमामा म्हणाले, "सर, फुडच्या गावात सोसायटी म्हणू नका. महिला मंडळ म्हणा. त्यात विरोधी पॅनेल नसतंय."

तेही खोटं निघालं!

* * *

परदेशी संस्थेच्या एल्के मॅडम आमच्या प्रोजेक्टवर देखरेख ठेवतात. बाई मनानं चांगल्या, पण त्यांचे प्रश्न मराठीत आणताना आमची दमछाक होते. एका सर्व्हेत त्यांचा प्रश्न होता. आम्ही बरीच झटापट करून तो असा केला: 'गेल्या महिन्यात तुम्हाला सक्षम वाटलं का? कधीच नाही, कधीकधी, नेहमी.'

गडहिंग्लजच्या पलीकडं, सीमेकडच्या एका गावात शुभांगीनं तो एका म्हाताऱ्या अव्वांना विचारला. अव्वा शेंगा फोडत बसल्या होत्या.

"सक्षम म्हंजी?"

"म्हणजे अव्वा, आपल्या मनानं सगळं करता येतंय, कुणाला विचारावं लागत न्हाय, असं वाटणं."

अव्वांनी दाराकडं बघितलं. मग आत चुलीकडं बघितलं. आवाज खाली आणून म्हणाल्या, "मालक गावाला गेल्यावर वाटतंय, तसं व्हय?"

"व्हय व्हय! तसंच!"

"मग लिव्ह, कधीकधी."

शुभांगी पुढच्या प्रश्नाकडं वळणार, तेवढ्यात अव्वांनी तिचा हात धरला. "का गं, त्ये जास्तीदा गावाला जातील अशी काय योजना हाय काय तुमच्यात?"

* * *

एकदा एल्के मॅडम स्वतःच आल्या. आजऱ्याकडच्या गावात बचत गटाच्या बायकांशी बोलायचं होतं. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं अडकलो आणि सकाळची बैठक दुपार कलल्यावर सुरू झाली. बायका तशाच बसून राहिलेल्या. एल्के मॅडमची उंची खूप. मांडी घालायला त्यांना जमेना, तरी हट्टानं सतरंजीवरच बसल्या.

त्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. प्रोजेक्ट संपल्यावर ह्या बायकांचं काय होणार? विचारताना त्यांचा आवाज खरंच कातर झाला होता. मी मराठीत विचारलं, "उद्या आम्ही निघून गेलो, तर तुम्ही काय करणार?"

सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. मग गटाच्या अध्यक्षा हौसाआक्का म्हणाल्या, "उद्याचं कशाला? आत्ता निघालासा तरी चालतंय की! धारा काढायच्या हाईत आमाला."

बायका खो खो हसल्या. एल्के मॅडम पेन सरसावून माझ्याकडं बघत होत्या. "काय म्हणाल्या? काय म्हणाल्या?"

मी म्हटलं, "त्या म्हणतात, आमची तयारी आहे."

मॅडमचे डोळे भरून आले. त्यांनी हौसाआक्कांचे दोन्ही हात हातात घेतले. पुढच्या वर्षी त्या गावातलं काम थांबवायचा निर्णय आला. कारण काय, तर तिथली कम्युनिटी आता तयार आहे!

सर म्हणाले, "हे तर मोठं यश आहे." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आहे ना?"

हौसाआक्का बाजारात भेटल्या की अजून विचारतात, "बाई, त्या उंच बाई रुसल्या काय वो आमच्यावर?"

* * *

जोतिबाच्या डोंगराखालच्या एका गावात रूपाली नावाची सून आहे. तिचं रक्त काही केल्या वाढेना. लोहाच्या गोळ्या वेळच्या वेळी पोचत होत्या, रिकामी पाकिटं ती दाखवत होती, पण उभी राहिली की भिंतीला हात टेकायची. तिची लहान मुलगी अंगावर पीत होती. शुभांगीला काळजी लागली आणि ती मला घेऊन गेली.

दारात तिची सासू गवताचा भारा उतरवत होती. हीच बाई शुभांगीच्या पहिल्या भेटीत पायरीवर धापा टाकत बसलेली होती!

शुभांगी म्हणाली, "रूपाली, खरं सांग. गोळ्या कोण खातं?"

रूपालीनं सासूकडं बघितलं. सासू म्हणाली, "म्या खातो की! तिचं काय, तरणीताठी पोर हाय. माझंच पाय उचलत नव्हतं. परवा जोतिबाचा डोंगर चढून आलो, कुठं बसलो न्हाय!"

मला राग आला. पण शुभांगी म्हणाली, ह्यांचं पण तपासू. तपासलं. इतक्या गोळ्या खाऊनसुद्धा सासूबाईंचं रक्त कमीच होतं! मग आधी किती असेल? आमच्या प्रोजेक्टमध्ये ठरावीक वयापुढच्या बायकांना गोळ्या द्यायची सोयच नव्हती. मी सरांना विचारलं, सरांनी एल्के मॅडमना विचारलं. उत्तर आलं, 'टार्गेट ग्रुप'मध्ये सासू बसत नाही. आता जी गोळ्या खात होती ती ग्रुपमध्ये नाही, जी ग्रुपमध्ये होती ती खात नव्हती आणि गोळ्या तर लागू पडत होत्या! ह्याला काय म्हणायचं? मला अजून कळलेलं नाही.

शेवटी सासूबाईंना सरकारी दवाखान्यात नेलं आणि त्यांच्या गोळ्या तिथून सुरू केल्या. रूपालीच्या रूपालीला. दोघींनी एकमेकींसमोर गिळायच्या, असं ठरवलं.

पुढच्या खेपेला गेलो, तर रूपाली पोरीला काखेत घेऊन विहिरीवरून येत होती. चेहऱ्यावर चांगला रंग आलेला. मी खूश! तेवढ्यात सासरे गोठ्यातून बाहेर आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "म्याडम, आता दोघींच्याबी अंगात ताकद आलीया. सकाळधरनं भांडत्यात. एकीच्या तरी गोळ्या बंद करा की!"

* * *

आता सखारामचं सांगते.

टीबीवर आम्ही पथनाट्य बसवलं होतं. दिगंबर नावाचा तरुण त्यात सखारामचं काम करायचा. दिवसा छापखान्यात नोकरी आणि संध्याकाळी नाटकाचं वेड. सखाराम हा टीबीचा पेशंट. दिगंबर असा खोकायचा की पुढच्या रांगेतली माणसं आपोआप मागं सरकायची. इनामदार सर म्हणायचे, "काय जीव ओततो पोरगा!"

नाटकात शुभांगी आरोग्यसेविका व्हायची. ती सखारामला बेडक्याची डबी द्यायची, त्यावर 'सखाराम रामू' अशी चिठ्ठी चिकटवायची आणि कसं खोकायचं ते समजावायची. दिगंबर प्रेक्षकांकडं पाठ करून खरोखरच डबीत थुंकायचा. मी एकदा म्हटलं, "अरे, नुसतं दाखव ना." तर म्हणाला, "मॅडम, खोटं केलं की लोकांना कळतं."

पन्हाळ्याकडच्या एका गावात नाटकानंतर लगेच तपासणी होती. खोकला असलेल्या गावकऱ्यांनी डब्या दिल्या. आवराआवरीत सगळ्या डब्या एकाच खोक्यात भरून लॅबला गेल्या.

काही दिवसांनी आरोग्य केंद्रातून फोन आला. "तुमचा एक पेशंट पॉझिटिव्ह आहे. सखाराम रामू. पत्ता नाही दिलेला. लवकर शोधा, औषध सुरू करायचंय."

खरं सांगते, आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही! इतक्या गावांत इतकी माणसं, कुणाकुणाची नावं लक्षात राहणार? आम्ही गाडी काढली.

पारावर विचारलं. एक म्हातारा म्हणाला, "रामूचा सखाराम कवाच वारला की!" दुसरा म्हणाला, "त्यो न्हवं, त्यो ममईला असतोय." वरच्या आळीत एक सखाराम सापडला, तर तो अंगावरच आला. "मी डबीत थुंकलेलो न्हाय! कुणी नाव घातलं माझं?" त्याची बायको रडायला लागली. तिला समजावता समजावता आमच्या नाकी नऊ आले. मला वाटायला लागलं, माणूस लाजेनं लपून बसलाय. घरात लहान मुलं असतील, सगळ्यांना लागण होईल. शुभांगीला काही सुधरेना. "मीच डबी दिली असणार मॅडम, मग मला तोंड का आठवत नाही?"

पिठाच्या गिरणीत एक बाई दळण घेऊन उभी होती. आमचं बोलणं ऐकून म्हणाली, "सखाराम? त्यो तुमच्याच नाटकातला न्हवं का?"

"मॅडम," शुभांगी म्हणाली, "नाटकातली डबी!"

मी तिथूनच दिगंबरला फोन लावला. "दिगंबर, तुझा टीबीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय."

"माझा? मी कुठं दिलता?"

"सखारामचा."

त्यानं छापखान्याचं मशीन बंद केल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "मॅडम, आई आणि मी एकाच खोलीत झोपतो."

त्याच दिवशी दोघांना दवाखान्यात नेलं. एक्स-रे काढला. त्याला टीबी होताच. आईची छाती साफ निघाली, तेव्हा तो बाकावर बसून हमसून हमसून रडला. म्हणाला, "गावोगाव सांगत फिरलो, खोकला पंधरा दिवसांच्या वर गेला तर तपासून घ्या. आई रोज विचारायची, का रे खोकतोस? मी म्हणायचो, प्रॅक्टिस करतोय."

सहा महिने त्यानं औषध घेतलं. एकही डोस चुकवला नाही. वजन वाढलं, गालावर मांस आलं. डॉक्टरांनी बरा झालास म्हणून सांगितल्यावर तो थेट आमच्या ऑफिसात आला आणि म्हणाला, "सखाराम मीच करणार." पहिला प्रयोग त्यानं हट्टानं त्याच गावात लावायला लावला.

देवळासमोर गर्दी झाली. मी बायकांच्यात बसले होते. दिगंबर घोंगडं पांघरून आला, छातीवर हात ठेवला आणि वाकून वाकून खोकला. पुढच्या रांगेतलं कुणीही मागं सरकलं नाही.

माझ्या शेजारच्या आजींनी थोडा वेळ बघितलं. मग मला कोपरानं ढोसून म्हणाल्या, "बाई, गेल्या टायमाचा गडी आणा की वो. ह्याला खोकायलाच येत न्हाय!"