हिरवळीतला खुंटा

आमच्या कॉलनीचे अध्यक्ष निवृत्त इंजिनियर. आपल्याला सगळं कळतं याची त्यांना इतकी खात्री की, माणूस तोंड उघडायच्या आतच ते उत्तर देत. मराठी मुलखाबाहेरच्या या शहरात, तेलीबांध्याच्या पुढे आमची ही कॉलनी, तरी निम्म्याहून जास्त घरं मराठी. पोरं घरात हिंदी बोलतात, पण कमिटीचा कागद मराठीतच लिहायचा ही आमची शान. तो लिहायचं काम माझं, कारण माझं अक्षर बरं आहे. बाकी माझ्यात घेण्यासारखं काही नव्हतं, हे पुढे दिसेलच.

संक्रांतीचं हळदीकुंकू दरवर्षी मधल्या हिरवळीवर व्हायचं. त्यासाठी मंडप आला, गेला. एक लोखंडी खुंटा निघेना, तेव्हा मंडपवाल्याने तो ठोकून गवतात दडवला आणि निघून गेला. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन, पाहुणे येणार, म्हणून अध्यक्षांना गवत अगदी गालिच्यासारखं हवं होतं. गवत कापायची मशीन नवी होती, पेट्रोलवरची. तिचं पातं त्यांनी स्वतः सगळ्यात खाली बसवलं.

आमचा माळी पन्नाशीचा, जवळच्या गावातून सायकलने येणारा. मशीन लावण्याआधी तो घमेलं घेऊन सगळी हिरवळ अनवाणी चालून काढायचा. खडे, खिळे, पणत्यांचे तुकडे, बायकांच्या हातून पडलेल्या वाणाच्या स्टीलच्या वाट्या, सगळं तळपायाला कळायचं. पात्याखाली दगड आला तर गोळीसारखा सुटतो, लोखंड आलं तर पातंच तुटतं, हे त्याला ठाऊक होतं. डिग्री असलेल्या माणसाला नव्हतं.

"हा काय फेऱ्या मारून राहिला?" अध्यक्ष मला म्हणाले. "मशीन कशाले घेतली मग?"

"पहिली रेंग के देख लेथंव साहब, खूंटा रहि जाथे," माळी म्हणाला. चालून बघतो, खुंटा राहून जातो, इतकंच तो सांगत होता.

"चप्पल पहनो और चालू करो."

मी शेजारी उभा होतो. मी घड्याळ बघितलं.

तिसऱ्याच पट्ट्यात पातं खुंट्यावर आपटलं. आवाज असा की गॅलऱ्यांमधून माणसं बाहेर आली. पात्याचा एक तुकडा माळ्याच्या पिंढरीत घुसला. तो खाली बसला, पण त्याआधी त्याने मशीन बंद केली. अध्यक्ष धावले ते मशीनकडे. ती उलटी करून म्हणाले, "शाफ्ट वाकला." मला त्या माणसाचा राग येत नाही, किळस येते.

एरवी रात्री बसणारी कमिटी त्याच दुपारी बसली. माळ्याला टाके घालून आणलं होतं. चूक कोणाची, हे पाच जणांनी चहा संपायच्या आत ठरवलं. अध्यक्ष सांगत गेले, मी सुवाच्य अक्षरात लिहीत गेलो: 'जागा न तपासता मशीन चालवली. निष्काळजीपणा माझा आहे. आजपासून काम सोडत आहे.' 'न तपासता' हे शब्द लिहिताना माझा हात थांबला का? नाही थांबला. ऱ्हस्व-दीर्घ मात्र मी नीट पाहून घेतलं.

कागद माळ्यापुढे ठेवला. त्याला हिंदी अडखळत वाचता यायचं, हे मराठी त्याला कुठून कळणार? त्याने अध्यक्षांना विचारलं नाही. मला विचारलं.

"का लिखे हे, साहब?"

"कुछ नहीं," मी म्हणालो. "मशीन के बारे में है."

त्याने मान डोलावली आणि सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली. वर मला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लंगडत कामावर आला. चौकीदाराने गेटवर अडवलं, कागद झाला आहे म्हणून सांगितलं. मी गॅलरीत चहा पीत होतो. माळ्याने माझ्याकडे बोट केलं आणि अगदी निर्धास्तपणे म्हणाला, "ओ साहब ला पूछ ले, ओ ह कागज ला पढ़े हे."