आबांची उडती घोरपड

ड्रॅगनवाल्या कादंबऱ्यांवर मालिका येणार म्हटल्यावर मला पहिली काळजी लागली ती आबांची. आमच्या गल्लीत त्या कादंबऱ्या वाचलेली मी एकटी, पण सांगणारे मात्र माझे वडील, म्हणजे आबा.

कॉलेजात असताना मी ते जाडजूड अनुवाद वाचायचे आणि सुटीत अंबडजवळच्या आमच्या गावी आले की आबांना गोष्ट सांगायचे. आबांना वाचता येत नाही, जन्म मेंढरांमागे गेला. पण ऐकणारा असा की दर वाक्याला हुंकार. ड्रॅगनला ते उडती घोरपड म्हणत. पुस्तकात ती शेवटच्या लढाईत मरते. तिथवर आम्ही पोचलोच नाही. मला जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्यांच्या कंपनीत नोकरी लागली, आणि उरलेली गोष्ट आबांनी आपल्या मनानेच पुरी करून गल्लीभर सांगितली.

त्यांच्या गोष्टीत घोरपड नुसती जखमी होते. राजा तिच्या पंखावर हळद बांधतो आणि ती बरी होईस्तोवर तिचं पिल्लू शेळीला लावतो. ड्रॅगन अंडी घालतो, त्याचं पिल्लू दूध पीत नाही, असं मी एकदा सांगून पाहिलं. "मंग काय वाऱ्यावर जगंल का लेकरू?" म्हणाले. विषय संपला.

मेंढरं विकल्यापासून आबांचा गल्लीतला मान त्या गोष्टीवर होता. एरवी मालिकेत कुणाच्या अंगरख्याचा रंग बदलला तरी मी चिडते. या वेळी मात्र देवाला म्हटलं, मालिकावाल्यांनी मूळ गोष्ट बिघडवली तर बरं होईल!

पण मालिका निघाली पुस्तकाबरहुकूम. शेवटच्या भागाला रविवारी मी गावी आले, तर दुपारी अर्धी गल्ली आमच्या घरात. घोरपड लढली, कोसळली, मेली. माझा जीव टांगणीला लागला. आबांकडे बघायची हिंमत होईना.

"आगं बया, ह्यांनी तर गोष्टच बदलली!" चुलती ओरडली.

"बिलकुल चुकीचं दाखवून राह्यले," शेजारचे काका म्हणाले. "हळद कुठंय? शेळी कुठंय?"

"खर्चा वाचवला आसंल," चुलतीनं निकाल दिला. "शेळी काय फुकट येती का?"

मला हसू आवरेना. मग आबांनी हळूच मला विचारलं, "बाई, खरं सांग. पुस्तकात मेली का ती?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आबांशी मी कधी खोटं बोलले नव्हते.

"मेली, आबा."

आबांनी मान डोलावली. जराही पडेल चेहरा नाही. "लिव्हणाऱ्याला घाई आसंल," ते म्हणाले. "आपल्याला कुठं जायचंय? बंद कर गं तो टीव्ही."

चुलतीनं टीव्ही बंद केला आणि आबांनी शेवट पहिल्यापासून सांगायला घेतला. पुस्तक मला तोंडपाठ. तरी घोरपड कोसळली तसा मी श्वास रोखला, आणि पिल्लू शेळीला लुचायला लागलं तेव्हा सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली ती मीच.