काळजीवरचा प्रबंध

मोहफुलांचा गोड, किंचित आंबूस वास दुपारच्या उन्हात जड होऊन अंगणभर साचला होता आणि मांडीवरच्या प्रश्नावलीची पाने घामाने बोटांना चिकटत होती. नव्वदच्या दशकाची ती अखेर. अपंग मुलींची घरात होणारी देखभाल हा माझ्या प्रबंधाचा विषय. त्यासाठी मूल तालुक्यातली गावे हिंडून मी एव्हाना इतकी थकले होते की समोरच्या माणसाचे दुःख उत्तराच्या चौकटीत मावते की नाही, एवढेच मला दिसे.

त्या घरी पार्वताबाई होत्या आणि त्यांची एकोणीस वर्षांची लेक सुनंदा, जन्मापासून चालू-बोलू न शकणारी. वाळत घातलेल्या फुलांकडे गुरे वळली तशा पार्वताबाई पेजेची वाटी माझ्या हाती देऊन धावल्या. मी चमचा पुढे केला. सुनंदाने ओठ घट्ट मिटले. पुन्हा केला, पेज तिच्या हनुवटीवरून ओघळली.

"घाई होऊन राह्यली तुमची," परतलेल्या पार्वताबाई म्हणाल्या. "चमच्याकडं नोका पाहू बाई, तिच्याकडं पाहा. तिले पायजे तवा उघडते तोंड."

मी थांबले. सुनंदाने मला बराच वेळ निरखले, आणि मग, जणू माझा अर्ज मंजूर करावा तसे, तोंड उघडले. इतक्या दिवसांच्या भटकंतीत कुणाची संमती मी खरोखर वाट पाहून घेतली, ती ही पहिलीच.

"तुमची माय कोनापाशी राह्यते?" पार्वताबाईंनी सहज विचारले.

"नागपूरला, भावाकडे. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली आहे. वहिनी करतात तिचं सगळं."

"मंग वहिनीले इचारते का कोनी, असा कागद घेऊन?"

वहिनींनी शाळेतली नोकरी सोडली होती, म्हणून तर मी काळजीचा अभ्यास करायला रानोमाळ हिंडू शकत होते. आणि माझ्या टिपणांत त्यांच्या नावाची एक ओळही नव्हती.

त्या आठवड्यात मी घरी गेले आणि आईला भरवत असलेल्या वहिनींकडे वाटी मागितली. त्यांनी ती लगेच सोडली नाही.

"ताई, उजव्या गालात द्या. डावीकडून ठसका लागतो त्यांना," त्या हलकेच म्हणाल्या.

आई अंथरुणाला खिळून दोन वर्षे झाली होती, तरी मला हे ठाऊकच नव्हते. मी आईशेजारी बसले. वहिनी मात्र, मोकळे झालेले हात कुठे ठेवावेत ते न कळून, कितीतरी वेळ तशाच दाराशी उभ्या राहिल्या.