प्रेमिलाबाईनं गाव गप्प केलं

आमच्या शेजारच्या प्रेमिलाबाईचा नवरा सुरेंद्र तळ्यात मासे धरतो आणि ती टोपली घेऊन बाजारात विकते. भाव करताना तिचा आवाज तळ्याच्या पल्याड ऐकू जातो. अशा बाईनं गावाला गप्प राहायला शिकवलं, हे सांगूनही कोणाला पटत नाही.

त्यांची आचल बारा वर्षांची. ती बोलत नाही, नजरेला नजर देत नाही, आणि मोठा आवाज झाला की कान दाबून मिळेल त्या सांदीत शिरते. गावानं उपाय सुचवले: लिंबू उतरवा, मार्कंड्याच्या महादेवाला नवस बोला. प्रेमिलानं सगळं केलं. शेवटी अंगणवाडीच्या बाईंनी सांगितलं, चंद्रपूरला अशा मुलांच्या आयांची दर महिन्याला बैठक भरते. तिथं तिला 'स्वमग्न' हा शब्द मिळाला. पोरगी वेडी नाही, तिला बाहेरची बाधाही नाही, हे कळलं. परतीच्या बसमध्ये ती हसता हसता रडली. सोबत मी होते, मलाही रडू आलं.

मग तिनं घरोघर सांगायचा सपाटा लावला. "माह्या पोरीवर वरडू नका जी. तिले आवाज टोचते." लोक हो हो म्हणायचे आणि तिची पाठ वळली की हसायचे. पालथ्या घड्यावर पाणी! माझा तर संताप व्हायचा.

यंदा मोहफुलं वेचायच्या दिवसांत आचल दुपारी अंगणातून नाहीशी झाली. तिची एक चप्पल रानाच्या वाटेवर सापडली. त्याच आठवड्यात तळ्याच्या पाळीवर वाघाचे पंजे उमटले होते. अशा वेळी आमच्याकडची रीत ठरलेली आहे. डबे, थाळ्या बडवत, आरोळ्या देत सगळ्यांनी रांगेनं रानात शिरायचं. आवाजानं वाघ दूर जातो आणि हरवलेला माणूस ओ देतो. झिंगूभाऊचा गळा गावात सगळ्यांत मोठा. त्यानं तेलाचा डबा बडवायला सुरुवातही केली.

प्रेमिलानं धावत जाऊन त्याच्या हातातला दांडा धरला. "भाऊ, बंद करा! आवाजाले भिऊन ते आनखी आत जाईन!"

"अन् वाघ आला तं?"

 वाघ काही खोटा नव्हता. एवढ्या माणसांनी आपल्या एका पोरीसाठी मुकाट्यानं वाघाच्या रानात शिरावं, हे मागणं तिच्या तोंडून निघेना. ती नुसती हात जोडून उभी राहिली. 

झिंगूभाऊनं डबा खाली ठेवला. "चला. काठ्या घ्या. एकमेकाले सोडू नका. अन् खोकला आला तं गमछा कोंबा तोंडात."

आम्ही निघालो. पाचोळा वाजला तरी सगळे जागीच थबकत होते. ऊन उतरायला लागलं तेव्हा बांबूच्या बेटात झिंगूभाऊलाच ती दिसली, कान दाबून, गुडघ्यांत मान घालून बसलेली. त्यानं हाक मारली नाही. जागीच बसून आमच्याकडे गमछा हलवला. एकेक करून सगळे तिच्याभोवती लांब लांब बसले, तिच्याकडे पाठी आणि रानाकडे तोंडं करून. प्रेमिला लेकीपासून चार हातांवर बसून राहिली. बराच वेळ गेला. आचलनं कानांवरचे हात काढले, आपणहून उठली आणि आईचा पदर धरला.

तळ्याच्या पाळीवर येईपर्यंत कोणी चकार शब्द काढला नाही. प्रेमिला माझ्या कानाशी कुजबुजली, "बाई, मी मेली तं इचं कसं होईन, ह्या घोरानं मले झोप नाई लागे. आता मी मेली तरी चालते."

मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला, आवाज होणार नाही असा.