क्योतोत काकांचे नमस्कार

आमच्या शेजारच्या काकांनी आयुष्यात जेवढे नमस्कार केले, तेवढे गोव्यातल्या आमच्या पाळी गावच्या सगळ्या देवांनी मिळून घेतले नसतील. सकाळी पाव घेऊन येणारा पोदेर, जवळच्या साखळी गावाला जाणाऱ्या बसचा कंडक्टर, अंगावर लाल धूळ उडवत खनिज नेणाऱ्या टिपरचा ड्रायव्हर, सगळ्यांना दोन्ही हात जोडून, कमरेत वाकून. साखळीच्या एका बँकेचं काचेचं दार आपोआप उघडलं तेव्हा काकांनी त्यालाही नमस्कार केला. काका समोर उभे असेपर्यंत दार बंद होईना, आणि समोरच्याने नमस्कार आवरल्याशिवाय पुढे जाणं काकांना बरं दिसेना. शेवटी वॉचमनने हाताला धरून त्यांना आत नेलं. त्यालाही नमस्कार मिळाला.

काका खाणीच्या प्रयोगशाळेत खनिज तपासायला होते. तिथे आलेल्या एका जपानी साहेबाने त्यांना कॅलेंडर दिलं होतं. वर्ष सरलं, पण त्यातलं एका देवळाचं चित्र काकांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरच राहिलं. ते बघत मी लहानपणी त्यांच्याकडे पेज जेवायचो. पुढे मी जपानी शिकलो आणि त्याच देवळाच्या गावी, क्योतोला, शिकायला गेलो, यात त्या भिंतीचा वाटा मोठा.

मी गेलो त्याच वर्षी निवृत्त काका कोल्हापूरकरांच्या एका टूरबरोबर तिथे येऊन थडकले. "एक दीस म्हाका सोडा, म्हजो भुरगो हांगा आसा," असं टूरवाल्याला सांगून सरळ माझ्या खोलीवर. त्यांना कल्पना नव्हती की त्यांचा हा भुरगा, म्हणजे पोरगा, पहिल्या परीक्षेत नापास झाला होता. वर्गात निम्मं कळत नव्हतं. फोनवर आईला 'सगळं बरं' सांगून मी तासन्‌तास भिंतीकडे बघत बसायचो. कॉलेज सोडत असल्याचं पत्र लिहून टेबलाच्या खणात ठेवलं होतं, सोमवारी द्यायचं म्हणून.

जपानात काकांना प्रथमच तोडीस तोड माणसं भेटली. चहाच्या दुकानातल्या म्हातारीला त्यांनी नमस्कार केला, ती वाकली, म्हणून काका आणखी वाकले, म्हणून ती आणखी. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली, तरी दोघंही हटेनात.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही त्या चित्रातल्या देवळात गेलो. सहा महिने जवळ राहून मी तिथे एकदाही पाय ठेवला नव्हता. तिथे सकाळी कुणालाही ध्यानाला बसता येतं. पायऱ्यांशी चपला काढल्या, गुडघे दुखतात म्हणून काकांना दोन उशा मिळाल्या. कसली मूर्ती समोर नाही, आरती नाही, नुसतं गप्प बसायचं आणि श्वास मोजायचा. मी तीनपर्यंत पोचायचो, की खणातलं पत्र आठवायचं. एक भिक्षू लांब चपटी काठी घेऊन रांगांमधून सावकाश फिरत होता. ज्याला झोप येते किंवा मन भरकटतं, त्याने हात जोडून वाकायचं, मग तो खांद्यांवर काठी मारतो. हे काकांना सांगायचं मी विसरलो होतो.

भिक्षू समोर आला. साधू माणूस, म्हणून काकांनी नमस्कार केला. फाट, फाट! काका दचकले. पण परदेशातला प्रसाद असा असेल, असं समजून त्यांनी आभाराचा नमस्कार केला. पुन्हा फाट, फाट! भिक्षू पुढे निघाला, तर काकांनी निरोपाचा नमस्कार केला. तो बिचारा परत वळला.

मी ओठ चावले, खांदे गदगदायला लागले, आणि हसता हसता कधी रडायला लागलो ते मलाच कळलं नाही. सहा महिन्यांचं सगळं एकदम आलं. भिक्षू माझ्यापाशी थांबला, काठी खाली केली आणि तसाच पुढे गेला. पाच मिनिटंही गप्प न राहणारे काका घंटा होईपर्यंत माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत.

बाहेर ओट्यावर चहा घेताना ते म्हणाले, "पाठ मात मोकळी जाली हां." मग हळूच, "कितें जालें रे तुका?"

मी सगळं सांगितलं. पत्राचंही.

त्यांनी कप ओट्यावर ठेवला. "घरा येवचें जाल्यार ये. कोण तुका हासचो ना, हांव आसां. पुण भिवन येव नाका. ती परीक्षा एकदां परतून दी, मागीर ये."

सोमवारी मी पत्र दिलं नाही. परीक्षा परत दिली, काठावर पास झालो. शिक्षण पुरं करूनच घरी आलो.

काकांचे कान आता गेलेत. गेल्या चवथीला मी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. ते गणपतीवर टांगायची नारळ-फळांची माटोळी बांधून घेत होते. इतकी वर्षं न बोललेलं मी अखेर बोललो, "काका, तुमच्यामुळे मी तिथे टिकलो."

"आं?"

"टिकलो! तुमच्यामुळे!"

"टिकतली रे, दीड दीस बरी टिकतली," वर बघत ते म्हणाले. "पुण ती नाल्लांची पेंड सैल आसा. घट बांद."

मी स्टुलावर चढलो आणि नारळांची पेंड घट्ट बांधली.