काळी दोनमधला जिग

"साहेबाच्या पट्टीत वाजवक जहाजार कोण तयार नाय," बाबल म्हणाला. "म्हणान तुका नेतंय."

बार्ज हलत होता. मी पेटी मांडीवर घट्ट धरून बसलो होतो.

साठीच्या दशकातली गोष्ट. मी दशावतारी मंडळीत पेटीवाला. बाबल माझ्या गावचा, शिपिंग एजंटकडे क्लार्क. रेडी बंदराला खनिज भरायला आलेलं जहाज समुद्रात नांगरून होतं. त्यावरच्या सेकंड इंजिनीअरला साथीला वादक हवा होता. डॉयल त्यांचं नाव, माणूस आयरिश. ही त्यांची शेवटची सफर होती.

डॉयलसाहेब डेकवर पत्र्याची छोटी बासरी घेऊन उभे होते. बाबलने त्यांचं म्हणणं सांगितलं. जिग म्हणजे त्यांच्या गावाकडची नाचाची धून. सगळे ती पांढरी दोनमध्ये वाजवतात. वडिलांनी दिलेली ही बासरी मात्र अर्धा सूर चढी, काळी दोनची. जहाजावरचा अकॉर्डियनवाला त्या पट्टीला हात लावत नव्हता.

पट्टी म्हणजे ज्या सुराला 'सा' धरायचा तो सूर; काळी दोन म्हणजे पेटीवरची दुसरी काळी कळ. पेटीवाल्याला पट्टी निवडता येत नाही. गाणाऱ्याचा गळा म्हणेल तिथे जायचं. आमच्या मंडळीत राजाचं काम करणारे आबा काळी दोनमध्येच गात.

"ही तर माझी रोजचीच," मी म्हणालो.

साहेबांनी सुरुवात केली. चाल भलतीच जलद. पण मोजल्या तर मात्रा सहाच, आपल्या दादऱ्यासारख्या. तिसऱ्या फेरीला मला धून सापडली. साहेबांनी डोळे मिटले आणि पायाने ठेका धरला.

आणि 'सा' गेला. कळ दाबली की नुसती हवा. पेटीत प्रत्येक सुरासाठी पितळेची एक बारीक जीभ असते; त्या तुकड्यालाही आम्ही सूरच म्हणतो. 'सा'ची जीभ मुळाशी तुटली होती. दुसऱ्या दिवशी जत्रेत खेळ, आणि सूर मिळायचे ते मुंबईला.

"बाबल, उद्या आबा माका उभो जाळतलो!"

साहेबांनी काय झालं ते विचारलं, तुटका सूर हातात घेतला आणि सरळ वर्कशॉपकडे निघाले. मी मागे. तिथे भट्टीसारखी धग. त्यांनी पितळेचा पातळ पत्रा कापून जीभ बसवली. ती नुसती खरखरली. दुसरी वाजली, पण उतरलेली. टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, हे मी खुणांनी सांगितलं. तिसरी जीभ त्यांनी टोकाला कानस मारत मारत सुरात आणली. ते बासरी फुंकायचे, मी कळ दाबायचो. शेवटी दोन्ही सूर असे एक झाले, की आम्ही दोघेही हसलो.

मी हात जोडले.

"साहेब म्हणता, हात मगे जोड," बाबल म्हणाला. "आधी जिग पुरो कर."

जेवणाची घंटा होईपर्यंत आम्ही वाजवत होतो. अकॉर्डियनवालाही येऊन ऐकत बसला.

दुसऱ्या दिवशी आबांना काही कळलंसुद्धा नाही. जहाज गेलं, साहेब पुन्हा भेटले नाहीत. त्यांनी घडवलेला सूर माझ्या पेटीत पुढे कित्येक जत्रा बोलला. आबांच्या प्रत्येक गाण्यात मला त्या माणसाची आठवण व्हायची.

तेव्हापासून मी जादा सूर डबीत घालून बरोबर नेतो. प्रत्येक जहाजावर डॉयलसाहेब नसतात.