नाथाजीनं बोटानं कोरलेला बांध

बांगलादेशची लढाई आटोपल्यावर हवालदार नाथाजी पेन्शनीत निघून उंब्रजला आला आणि शालूबाईला घर नको नको झालं. सकाळी उठून तो फडताळातली भांडी उंचीप्रमाणे उभी करायचा. कढई रांगेत बसेना, तर तिला परसात काढलं. शेवटी शालूबाईनंच त्याला हायस्कुलातल्या जिनपालसरांच्या रविवारच्या चित्रकलेच्या वर्गाला धाडलं. "आवं, तिथं काय ते रांगंत लावा," म्हणाली.

दोन वेण्यांच्या पोरींमध्ये मांडी घालून नाथाजी तेलखडू घासू लागला. सरांनी रस्त्याकडेचे तारेचे खांब काढायला सांगितले. नाथाजीचे सगळे खांब एका मापाचे.

"हवालदार, लांबचा खांब लहान दिसतो."

"दिसंल सर. पर सरकारी खांब हाय, त्येला लहान करणारा मी कोण?"

पुढं हळूहळू पटलं. मग सर म्हणाले, आपापलं शिवार काढा, चांगली चित्रं शाळेच्या संमेलनात लावू. शालूबाई तेवढ्यावर आळीभर सांगून मोकळी झाली, त्यामुळं चित्र लागायलाच हवं होतं.

अडचण एकच. रस्त्यावरून बघावं तर पुढं चुलतभाऊ आकारामचं रान आणि मागं नाथाजीचं. सरांच्या नियमानं आकारामचा ऊस कागदभर, नाथाजीचा नखाएवढा. म्हणून तो दोघांच्या मधल्या बांधाच्या टोकाला जाऊन बसला. डावीकडं एक रान, उजवीकडं दुसरं, मापाला माप. याच बांधापायी दोघांनी कराडच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या, आणि आता कुठं बोलणं सुरू झालं होतं.

रंग भरून झाला. कडा मऊ करायला बोटानं घासा, असं सर सांगायचे. नाथाजीनं घासलं. मागं आकाराम तंबाखू मळत उभा होता.

"दादा, थांब. बांध कोरलास."

नाथाजीचा हिरवा रंग खरंच बांध ओलांडून पलीकडं गेला होता. नांगरानं बांध कोरणारे गावात पुष्कळ, बोटानं कोरणारा हा पहिलाच.

"आरं, शेडिंग म्हंत्यात ह्येला."

"मोजणीवाल्यालाबी तसंच सांग. ह्ये शाळंत लागलं तर गाव म्हणंल, नाथाजीनं रान घेतलं आन् आकाराम बगत बसला. मी लागू देणार न्हाई."

नाथाजीनं खोडरबर फिरवला, तर हिरवा आणखी आत घुसला. ब्लेडनं खरवडलं, तर बांधच गेला. दोघं तावातावानं सरांकडं गेले.

"तेलखडू पुसला जात नाही," सर म्हणाले. "त्यावर गडद काहीतरी काढा. जवळचं असलं तर मोठं येईल, सगळं झाकेल."

नाथाजीनं आकारामकडं पाहिलं. रंग सावळा, वर काळं जाकीट.

"चल रं, बस बांधावर."

आकाराम बसला, आणि जवळचा म्हणून भलताच मोठा उतरला. फेटा कागदाच्या वरच्या कडेला टेकला, एक कोपर या रानात, दुसरं त्या रानात. मिशीलाच काळी कांडी संपली.

संमेलनात आकाराम दिवसभर चित्रापाशी उभा. येईल त्याला सांगायचा, "ह्यो मी."

"आन् रान कुठाय?" शेजारच्या सुलाबाईनं विचारलं.

"हाय की मागं. लांबचं लहान दिसतं, तुला न्हाई कळायचं."

शालूबाईनं कमरेवर हात ठेवून चित्र वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आवं," ती नवऱ्याला म्हणाली, "कोर्टात जायच्या आधीच ह्येला असा बसवायचा हुता."